गाडी चेनी चालवत होता : ऑस्कर अकादमीच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस,
बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया

सप्रेम नमस्कार.

आमच्या कोल्हापुरात जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये पुढे भानू अथय्या या नावाने वेशभूषाकार म्हणून नावारूपाला आल्या. १९८३ च्या एप्रिलमध्ये आपण त्यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर दिले, आणि भारतीय व्यक्तीला मिळालेले ते पहिले ऑस्कर ठरले. स्वतःच्या पश्चात ऑस्करच्या त्या बाहुलीचे नीट जतन व्हावे या काळजीने भानुताईंनी २०१२ मध्ये ती आपल्याकडेच परत सोपवली. म्हणजे आमच्या गावची एक ठेव आपल्या घरात आहे, आणि ठेव ठेवणाऱ्याच्या गावकऱ्याला ती सांभाळणाऱ्याशी चार शब्द बोलायला हरकत नसावी, एवढ्याच अधिकाराने हे पत्र लिहीत आहे. मी समीक्षक नाही. तीसेक वर्षे एका फिल्म सोसायटीचा सभासद आहे, तिथे दाखवले जाते ते निष्ठेने पाहतो आणि नंतर चहाच्या टपरीवर त्यावरून मित्रांशी भांडतो.

मला बोलायचे आहे ते आपल्या संस्थेने अनेक दशके आवडीने गौरवलेल्या एका कथानकाविषयी. कृष्णवर्णीय, मूळनिवासी किंवा आशियाई माणसांवर अन्याय चाललेला असतो. तिथे एक गोरा माणूस येऊन पोहोचतो. तो आधी गोंधळतो, मग त्याचे डोळे उघडतात, आणि शेवटी त्याच्या धैर्याने, बुद्धीने किंवा निव्वळ चांगुलपणाने त्या माणसांची सुटका होते. या साच्याला मराठीत ‘गोरा तारणहार’ म्हणता येईल. आमच्या भाषेतल्या ‘उद्धार’ या शब्दाची एक गंमत या ओघात सांगण्यासारखी आहे. संतांच्या अभंगांत उद्धार म्हणजे बुडत्याला वर काढणे. पण रोजच्या बोलण्यात ‘त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला’ असे कोणी म्हणाले, तर त्या माणसाला भरपूर शिव्या बसल्या असे समजायचे. या चित्रपटांतला उद्धार मला हल्ली दोन्ही अर्थांनी एकाच वेळी ऐकू येऊ लागला आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या टाळीपासून करतो. ‘हिडन फिगर्स’ हा २०१६ चा चित्रपट, ज्याला आपण सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन नामांकने दिली, मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भर अंधारात टाळी वाजवली होती. प्रसंग आपल्याला आठवत असेल. नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांना कृष्णवर्णीय स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जाण्यासाठी दररोज अर्धा मैल धावत जावे लागते. एके दिवशी त्यांचा संताप बाहेर पडतो. आणि ते ऐकून केव्हिन कॉस्टनर यांनी रंगवलेला गोरा साहेब लोखंडी अवजाराचे घाव घालून स्वच्छतागृहावरचा फलक सर्वांदेखत खाली पाडतो. नासामध्ये सगळ्यांच्या लघवीचा रंग एकच, अशा अर्थाचे वाक्य टाकून तो निघून जातो आणि थिएटर सुखावते. मीही सुखावलो.

नंतर मार्गो ली शेटर्ली यांचे मूळ पुस्तक वाचले आणि ती टाळी मनाला बोचू लागली. तो साहेब काल्पनिक आहे आणि फलक पाडण्याचा प्रसंग घडलेलाच नाही. नासाच्या लँगली इथल्या प्रयोगशाळेत वेगवेगळी स्वच्छतागृहे होती हे खरे. पण कॅथरिन जॉन्सन फलक नसलेले स्वच्छतागृह, म्हणजे गोऱ्या स्त्रियांचे, सरळ वापरत होत्या, आणि पुढे कधीतरी कोणी तक्रार केली तेव्हा त्यांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. शिवाय चित्रपटाची गोष्ट १९६१ ची आहे, आणि हाताने आकडेमोड करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्री-गणकांचा वेगळा विभाग नासा स्थापन झाली त्या १९५८ सालीच बंद झाला होता. ज्या स्त्रीने कोणाची परवानगी न मागता जे करायचे ते वर्षानुवर्षे केले, तिला पडद्यावर पावसात भिजत धावायला लावले, रडवले, आणि मग तिच्या वतीने एका पुरुषाला हत्यार उचलायला लावले. अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या उड्डाणाच्या वेळी नियंत्रण कक्षाचे दार जॉन्सन यांच्यासाठी उघडले जाते, तेही याच साहेबाच्या कृपेने. प्रत्यक्षात त्या वेळी त्या तिथे नव्हत्याच, आपल्या टेबलाशी होत्या.

दिग्दर्शक थिओडोर मेल्फी यांना मुलाखतीत याबद्दल विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की योग्य गोष्ट करणारी गोरी माणसे असायला हवीत तशीच काळीही असायला हवीत, आणि योग्य ते घडले म्हणजे झाले, ते कोणी केले याला महत्त्व कशाला द्यायचे. या प्रश्नाचे उत्तर शेटर्ली यांच्या पुस्तकातच आहे, आणि या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. लँगलीच्या उपाहारगृहात मागच्या बाजूला एका टेबलावर पुठ्ठ्याची एक पाटी ठेवलेली असे : ‘कृष्णवर्णीय गणक’. १९४३ मध्ये तिथे नोकरीला लागलेल्या मिरियम मॅन या कृष्णवर्णीय गणितज्ञ बाई ती पाटी उचलून आपल्या पर्समध्ये टाकत. काही दिवसांनी टेबलावर नवी पाटी येई; तीही पर्समध्ये जाई. नोकरी जाण्याची भीती होती, तरी हे चालत राहिले, आणि अखेर पाटी ठेवणारा जो कोणी होता तो थकला. पाटी पुन्हा आली नाही.

म्हणजे पाटी काढण्याची गोष्ट पटकथाकारांच्या हाताशी होती. खरी, विनोदी, चिवट आणि पडद्यावर सहज उभी राहील अशी. तिच्या जागी त्यांनी एक लोखंडी फलक, एक अवजार आणि एक गोरा साहेब आणला. काय सोडले गेले हे समजल्यावर, ते कोणी केले याने काय फरक पडतो, हा प्रश्न मला निरागस वाटत नाही.

आता एका गाडीची गोष्ट. २१ जून १९६४ रोजी मिसिसिपी राज्यातल्या नेशोबा काउंटीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर हे नागरी हक्क चळवळीतले तीन तरुण कार्यकर्ते बेपत्ता झाले. त्यांचे मृतदेह ४ ऑगस्टला सापडले. चेनी त्याच राज्यातल्या मेरिडियन गावचा, कृष्णवर्णीय, २१ वर्षांचा. बाकीचे दोघे न्यूयॉर्कहून आलेले गोरे. रस्ते माहीत असलेला चेनीच त्या दिवशी गाडी चालवत होता, आणि वेगमर्यादा मोडल्याचे निमित्त काढून पोलिसांनी अटकावले ते त्यालाच. या घटनेवर आधारलेल्या ‘मिसिसिपी बर्निंग’ या १९८८ च्या चित्रपटाच्या सुरुवातीला तीच गाडी दिसते. स्टिअरिंगवर एक गोरा तरुण आहे, शेजारी दुसरा गोरा तरुण, आणि कृष्णवर्णीय मुलगा मागच्या सीटवर बसला आहे. श्रेयनामावलीत त्याला नावसुद्धा नाही. ‘कृष्णवर्णीय प्रवासी’ एवढीच नोंद आहे.

ही चूक अनवधानाने झाली असेल. तसे असेल तर मला ती जास्त गंभीर वाटते, कारण मग कोणालाही काही खटकले नाही, असा तिचा अर्थ होतो. चित्रपट पुढे जातो तो एफबीआयच्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांना घेऊन. त्या उन्हाळ्यात मतदार नोंदणीसाठी मिसिसिपीभर जीव धोक्यात घालून हिंडलेली हजारो कृष्णवर्णीय माणसे, तुरुंगातला मार अंगावर घेऊन त्याच ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात साक्ष देणाऱ्या फॅनी लू हेमर, यांतले कोणी पडद्यावर नाही. आहेत ती भेदरलेली, गप्प बसलेली, जळत्या चर्चसमोर उभी राहिलेली माणसे. ज्या एफबीआयला चित्रपटाने तारणहार केले, तिनेच १९६४ च्या नोव्हेंबरात मार्टिन ल्यूथर किंग यांना आत्महत्या सुचवणारे निनावी पत्र धाडले होते. त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी या चित्रपटावर जाहीर टीका केली. आपण त्याला सात नामांकने दिली आणि छायाचित्रणाचे ऑस्करही दिले. छायाचित्रण उत्तम आहे, यात शंका नाही.

गाडीचा विषय निघाला म्हणून कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक ली यांची आठवण येते. २०१९ च्या आपल्या सोहळ्यात ‘ग्रीन बुक’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, त्या रात्री ते म्हणाले की कोणी कोणाला गाडीतून फिरवले की माझी हार ठरलेली असते. १९९० मध्ये गोऱ्या वृद्धेच्या कृष्णवर्णीय ड्रायव्हरची गोष्ट सांगणाऱ्या ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ला आपण तोच मान दिला होता, आणि ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ला त्या गटात नामांकनसुद्धा मिळाले नव्हते. एकोणतीस वर्षांत एकच बदल झाला : काळा माणूस मागच्या सीटवर आला आणि गोरा पुढे बसला. गोष्टीचे स्टिअरिंग दोन्ही वेळी त्याच हातात राहिले.

‘ग्रीन बुक’ मला कंटाळवाणा वाटला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. विगो मॉर्टेन्सन आणि महर्शला अली यांचा अभिनय पाहण्यासारखा आहे. पण पटकथा लिहिणाऱ्या तिघांपैकी एक जण त्या गोऱ्या ड्रायव्हरचा मुलगा आहे, वडिलांच्या आठवणी हा तिचा मुख्य आधार आहे, आणि ज्यांच्या दौऱ्याची ही गोष्ट, त्या कृष्णवर्णीय पियानोवादक डॉन शर्ली यांच्या कुटुंबीयांनी आपल्याला कोणी विचारले नाही, आणि शर्ली कुटुंबापासून व आपल्या समाजापासून तुटलेले होते हे चित्रणही खरे नाही, अशी जाहीर तक्रार केली. पडद्यावर मात्र तळलेली कोंबडी कशी खावी हेसुद्धा त्यांना तो ड्रायव्हर शिकवतो. ज्या पुस्तिकेचे नाव चित्रपटाने घेतले, ती १९३६ पासून प्रसिद्ध करणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले कृष्णवर्णीय टपाल कर्मचारी होते. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशाने कुठे जेवावे, कुठे मुक्काम करावा, गाडी कुठे दुरुस्त करून घ्यावी, याची ही मार्गदर्शिका स्वतःच्याच लोकांनी स्वतःच्या लोकांसाठी तयार केलेली होती. म्हणजे इथेही सुटकेची खरी व्यवस्था आधीपासून होती. चित्रपटात ती गोऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिलेली दिसते आणि बाजूला पडते.

महर्शला अली यांना शर्ली यांच्या भूमिकेसाठी आपण ‘सहायक अभिनेता’ म्हणून ऑस्कर दिले. कोणाला कोणत्या गटात उतरवायचे हे निर्मात्यांच्या प्रचारातून आणि आपल्या मतांतून ठरते, हे मला माहीत आहे. तरीही हा ‘सहायक’ शब्द कुठे कुठे लागला हे एकदा पाहावे. अरबांच्या उठावाची गोष्ट इंग्रज अधिकाऱ्याभोवती फिरवणाऱ्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तले ओमर शरीफ, सहायक. ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’मधले ग्रॅहम ग्रीन, सहायक. ‘द लास्ट सामुराई’मधले केन वातानाबे, सहायक. आणि १९८७ च्या ‘क्राय फ्रीडम’मध्ये स्टीव्ह बिको यांची भूमिका करणारे डेंझेल वॉशिंग्टन, तेही सहायक.

बिको यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण या साच्याने केलेला त्याहून क्रूर विनोद मला माहीत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थी चळवळीत गोऱ्या उदारमतवाद्यांनी काळ्यांच्या वतीने बोलत राहावे हे ज्याला मान्य नव्हते, ज्याने त्याच कारणाने वेगळी कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना उभारली, आपल्या माणसांना ‘तुझा तूच आहेस’ असे बजावले, असा हा तरुण. १२ सप्टेंबर १९७७ रोजी तो पोलीस कोठडीत मरण पावला, तेव्हा तीस वर्षांचा होता. अडीच तासांहून मोठ्या चित्रपटात तो साधारण मध्यावर मरतो. उरलेला चित्रपट त्याचे गोरे उदारमतवादी मित्र, संपादक डोनाल्ड वुड्स, पाद्र्याचा वेष करून देशाबाहेर कसे निसटले याचा आहे. वुड्स धाडसी होते, त्यांची मैत्री खरी होती, चित्रपट त्यांच्याच पुस्तकांवर आधारलेला होता, आणि वर्णभेदी राजवट तेव्हा सत्तेवर असल्याने तो बनवणे हेही धाडसच होते. शेवटी कोठडीत मेलेल्या माणसांची लांबलचक नावे पडद्यावर सरकतात, तेव्हा अंगावर काटा येतो. पण गोऱ्याने आपल्यासाठी बोलू नये म्हणून आयुष्य वेचलेल्या माणसाच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग गोऱ्या माणसाला कुंपणापलीकडे पोहोचवण्यात जातो, हे पाहून स्वतः बिको यांनी आपल्या स्तंभात काय लिहिले असते, असा विचार मनात येतो.

बाकीच्या मोठ्या चित्रपटांवर फार वेळ घालवत नाही. त्यांची रीत सारखीच आहे. बाहेरून आलेला गोरा सैनिक काही महिन्यांत एका जमातीची भाषा, घोडा, शिकार आणि शस्त्र शिकतो आणि त्या जमातीत जन्मलेल्यांपेक्षा सरस ठरतो. ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’ लकोटा या मूळनिवासी अमेरिकन लोकांत घडतो, तरी नायकाची प्रेयसी लकोटा नाही. त्यांनी वाढवलेली गोरी स्त्री आहे. ‘अवतार’मध्ये तर नायकाचे कातडे निळे झाले तरी साचा बदलला नाही. आणि १९८४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ हा आमच्या देशाच्या नावावर खपवलेला नमुना. भारत सरकारने चित्रीकरणाला परवानगी नाकारली म्हणून तो श्रीलंकेत चित्रित झाला. त्यात अख्खे खेडे आपली हरवलेली मुले परत आणण्यासाठी एका अमेरिकन पुरातत्त्वज्ञाची वाट पाहत बसलेले असते. आमचे अमरीश पुरी त्यात जिवंत माणसाचे काळीज काढतात. आम्ही तो हसत हसत पाहिला; मुलांना दाखवताना मात्र हसू थोडे अडते.

हे सारे जुन्या हिशेबांपुरते राहिले असते तर मी लिहिले नसते. पण जिवंत माणसांनाही या साच्यात बसवले जाते आणि मग आयुष्यभर त्या साच्याला उत्तर देत बसावे लागते. ‘द ब्लाइंड साइड’ या २००९ च्या चित्रपटासाठी आपण सँड्रा बुलक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर दिले. त्यात एक गोरी आई निराधार कृष्णवर्णीय मुलाला घरी आणते, आणि तिच्या छोट्या मुलाने जेवणाच्या टेबलावर सॉसच्या बाटल्या मांडून अमेरिकन फुटबॉलचे डाव समजावल्यावर तो खेळाडू घडतो. तो मुलगा, मायकल ओहर, पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. त्याने २०११ मध्ये स्वतःच्या पुस्तकात लिहिले की आपण मंदबुद्धी असल्यासारखे दाखवले गेलो आणि खेळ आपल्याला लहानपणापासून समजत होता. २०२३ मध्ये त्याने न्यायालयात अर्ज केला : आपल्याला दत्तक घेतलेच नव्हते, अठराव्या वर्षी सही करून घेतली ती पालकत्वाच्या एका वेगळ्याच कायदेशीर व्यवस्थेची होती. त्या कुटुंबाने गैरवर्तनाचे आरोप फेटाळले; न्यायालयाने ती व्यवस्था त्याच वर्षी संपुष्टात आणली. कोणाचे खरे हे ठरवणारा मी नव्हे. पण ज्याच्या नावाची ही गोष्ट, त्याचे म्हणणे चित्रपटाला सुरुवातीपासून ऐकू आले नव्हते, एवढे तरी नक्की.

यावर नेहमीचे उत्तर असे असते की गोऱ्यांनी मदत केली हाही इतिहास आहे, आणि तो दाखवायचा नाही का? जरूर दाखवावा. त्याचे प्रमाण कसे राखावे, यासाठी आमच्याकडचे एक उदाहरण देतो. कोकणातल्या महाड गावी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. २० मार्चला हजारो अस्पृश्यांनी त्या तळ्याचे पाणी घेतले आणि २५ डिसेंबरला तिथल्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. महाडच्या नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले. परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. ब्राह्मणांना सत्याग्रहात घेऊ नका, अशी अट जेधे आणि जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी घातली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. ही सगळी नावे आमच्या इतिहासात आहेत आणि ती आदराने घेतली जातात. पण उद्या महाडवर चित्रपट निघाला, त्यात सहस्रबुद्धे नायक झाले, त्यांच्या घरातले ताणतणाव, त्यांचे रात्रभर जागणे आणि त्यांच्या मनाचे परिवर्तन अशी कथा रचली, आणि तळ्याकडे निघालेले हजारो लोक त्यांच्या मागे धूसर दिसू लागले, तर महाराष्ट्रातले कोणतेही थिएटर ते मुकाट्याने पाहणार नाही. सहस्रबुद्ध्यांना स्वतःलासुद्धा ते आवडले नसते, असे मला वाटते. मदत करणाऱ्याचे मोठेपण, आपण कुठे उभे राहायचे हे त्याला कळते यात असते. आपल्या चित्रपटांत वुड्स यांना, जॉन्सन यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांना ही जागा मिळत नाही. त्यांना ओढून मंचाच्या मधोमध आणले जाते.

आमचे घर स्वच्छ आहे, असा माझा दावा मुळीच नाही. भानुताईंना बाहुली मिळवून देणाऱ्या ‘गांधी’त डॉ. आंबेडकर हे पात्रच नाही, आणि धारासणाच्या मिठागरावरच्या लाठ्या आम्ही पाहतो त्या अखेर एका अमेरिकन पत्रकाराच्या टेलिफोनवरच्या आवाजातून. वेब मिलर यांची ती बातमी खरोखर जगभर गेली होती, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार सौम्य आहे. आंबेडकर नाहीत याबद्दलची सौम्य नाही. आमच्या हिंदी-मराठी चित्रपटांतही गोऱ्याच्या जागी उच्चवर्णीय अधिकारी, वकील किंवा मास्तर बसवून हाच साचा झकास चालतो. म्हणून तर तो आम्हाला चटकन ओळखू येतो.

पण त्याला नकार देणारा एक चित्रपट आम्ही आपल्याकडे पाठवलाही होता. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१६ च्या सोहळ्यासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होता. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला आहे आणि त्यांची बाजू लढवणारा सुखवस्तू, सुशिक्षित, मनाने चांगला वकील आहे. आपल्या लाडक्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधल्या अ‍ॅटिकस फिंच या गोऱ्या वकिलाच्या शेजारी त्याला ठेवून पाहावे. फिंच खटला हरतो, तरी न्यायालयाच्या माडीवर बसलेले कृष्णवर्णीय लोक त्याच्या सन्मानार्थ उठून उभे राहतात. ज्याच्यावर आरोप होता तो टॉम रॉबिन्सन मग पडद्याबाहेर मारला जातो, आणि आपल्याला ते दुसऱ्याच्या तोंडून समजते. ‘कोर्ट’मधला वकील सुनावणी संपल्यावर सुपरमार्केटमधून वाइन आणि चीज घेऊन घरी जातो. त्याच्यासाठी कोणी उठून उभे राहत नाही. शाहीर तुरुंगात राहतो आणि न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. वकिलाचा चांगुलपणा चित्रपट नाकारत नाही. तो किती लहान आहे हे फक्त दाखवतो. शाहिराची भूमिका करणारे नागपूरचे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. आपण त्या चित्रपटाला नामांकन दिले नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी आपण २०२० मध्ये समावेशकतेचे निकष जाहीर केले आणि २०२४ च्या सोहळ्यापासून ते लागू केले, हे मी वाचले आहे. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांना गेल्यावर जो गदारोळ झाला, त्यानंतर आपण काही तरी केले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे निकष माणसे मोजतात : पडद्यावर कोण, पडद्यामागे कोण, प्रशिक्षणाची संधी कोणाला. महत्त्वाच्या भूमिकेत एक कृष्णवर्णीय नट असला की पहिली अट पुरी होते. ‘ग्रीन बुक’ त्यातून सहज पार होतो, ‘मिस डेझी’ही होते. मागच्या सीटवर कोणीतरी बसले आहे एवढे या निकषांना दिसते. गाडी कोण चालवत आहे हे दिसत नाही.

ते दिसण्यासाठी नवा नियम करावा, असे मी म्हणत नाही. कथेवर नियम लादले की काय होते, हे आमच्या सेन्सॉर बोर्डाने आम्हाला पुरेसे शिकवले आहे. पण लेखक-दिग्दर्शक मनावर घेतील तर साचा मोडता येतो, हे आपल्याच लोकांनी दाखवले आहे. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ची पटकथा आधी ओसेज या मूळनिवासी अमेरिकन लोकांच्या हत्यांचा छडा लावणाऱ्या एफबीआय अधिकाऱ्याभोवती होती आणि लिओनार्डो डिकॅप्रिओ तीच भूमिका करणार होते. मग मार्टिन स्कोर्सेसी यांनी ती उलटवली. अधिकारी उशिरा येणारे दुय्यम पात्र झाला आणि डिकॅप्रिओ यांनी ओसेज पत्नीला फसवणाऱ्या नवऱ्याची भूमिका घेतली. चित्रपटासाठी काम केलेल्या ओसेज भाषेच्या एका सल्लागाराला तरीही वाटले की ही गोष्ट त्या पत्नीच्या, म्हणजे मॉलीच्या, बाजूने सांगायला हवी होती, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. पण मॉलीची भूमिका करणाऱ्या लिली ग्लॅडस्टोन यांचे नामांकन या वेळी ‘सहायक’ नव्हते, प्रमुख अभिनेत्रीचे होते, आणि त्या गटात नामांकन मिळवणाऱ्या त्या पहिल्या मूळनिवासी अमेरिकन ठरल्या. आपण त्या चित्रपटाला दहा नामांकने दिली आणि एकही पुरस्कार दिला नाही. मत गुप्त असते, त्यामुळे यापेक्षा जास्त काही विचारत नाही.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, मतदान करताना सत्यकथेवर आधारलेला चित्रपट समोर आला, तर पटकथेच्या गटात मत टाकण्यापूर्वी मूळ पुस्तक किंवा नोंदी काढून एकच गोष्ट तपासावी : ज्या प्रसंगाने आपल्याला सर्वांत जास्त हलवले, तो कोणाच्या आयुष्यातून काढून कोणाच्या हाती दिला आहे. नाट्यासाठी तारखा बदलतात, दोन माणसांचे एक पात्र होते, संवाद रचावे लागतात. हे सगळे मान्य. प्रत्येक बदलाचा फायदा मात्र दरवेळी एकाच रंगाच्या माणसाला मिळत असेल, तर त्याला निव्वळ नाट्याची गरज म्हणता येणार नाही.

दुसरी विनंती आपल्या संग्रहालयासाठी आहे. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला उघडलेली ती वास्तू मी पाहिलेली नाही आणि या वयात पाहीन असे वाटत नाही. तिथे कधी ‘हिडन फिगर्स’मधला तो मोडलेला फलक मांडण्याचा विचार झाला, तर त्याच्या शेजारच्या काचपेटीत पुठ्ठ्याची एक लहान पाटी आणि ती आत मावेल एवढी एक बायकांची पर्स ठेवावी, आणि खाली मिरियम मॅन हे नाव लिहावे. जागा फार लागणार नाही.

आपला,
कोल्हापुरातल्या एका फिल्म सोसायटीचा जुना सभासद